मॅक्रोफेजवर इतके रिसेप्टर कशाला? सूज चालू कोण करतं आणि थांबवतं कोण?

कुतूहल

नमस्कार मंडळी. एमएस्सी मायक्रोबायॉलॉजीला आहे, सध्या इम्युनॉलॉजी चालू आहे आणि मॅक्रोफेजच्या (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणारी पेशी) रिसेप्टरपाशी (पेशीवरचं, ठरावीक रेणू ओळखून पकडणारं प्रोटीन) येऊन गाडी अडलीये. पुस्तकात प्रत्येक रिसेप्टरचा वेगळा बाण काढलेला असतो, टीएलआर४ या रिसेप्टरला जिवाणूचं एलपीएस चिकटलं की एनएफ-कप्पा-बी (जीन चालू करणारं प्रोटीन), तिथून टीएनएफ, आयएल-६ हे सायटोकाइन म्हणजे पेशींनी सोडलेले निरोपाचे रेणू, झालं इन्फ्लमेशन, म्हणजे सूज. पुढच्या पानावर डेक्टिन-१, मग मॅनोज रिसेप्टर, मग स्कॅव्हेंजर, मग अँटिबॉडीची शेपटी पकडणारे एफसी रिसेप्टर, मग कॉम्प्लिमेंटचे (रक्तातली जंतूंवर बसणारी प्रोटीनं), आणि सायटोकाइनचे रिसेप्टर तर वेगळ्याच धड्यात. पण हे सगळे एकाच पेशीवर एकाच वेळी बसलेले असतात ना? मग एका जिवाणूला एकदम चार-पाच रिसेप्टर चिकटणार, तेव्हा पेशी ऐकते कुणाचं?

आणखी काही गोष्टी डोक्यात घोळतायत. सीडी१४ या एलपीएस पकडणाऱ्या रिसेप्टरला म्हणे पेशीच्या आत शेपूटच नाही, मग तो निरोप आत पोचवतो कसा. एफसी रिसेप्टर पण जिवाणू गिळवतो आणि कॉम्प्लिमेंटचा सीआर३ पण गिळवतो, तर एकाने दाह जास्त होतो आणि दुसऱ्याने कमी असं का. मेलेल्या पेशी मॅक्रोफेज रोज खातो तेव्हा सूज का येत नाही. आणि सगळ्यात मोठा प्रश्न, सेप्सिसमध्ये (इन्फेक्शनला शरीराचा प्रतिसाद हाताबाहेर जाणं) टीएलआर४ एवढा महत्त्वाचा असेल तर तो बंद करणारं औषध चाललं का नाही? आमच्या मॅडमनी वर्गात एवढंच सांगितलं की ट्रायल फेल गेली, कारण काही सांगितलं नाही. कुणी नीट उलगडून सांगेल का, लांबलचक उत्तर चालेल.

जीवद्रव्य

छान प्रश्न आहे, आणि पुस्तकातले ते सुटे बाणच घोळ करतात हे अगदी खरं. मी रोज मॅक्रोफेजवरच काम करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो, पण सगळ्या प्रश्नांना हात घालत नाही, आधी एलपीएसचं घेऊ कारण ते एकदा नीट कळलं की बाकीचं सोपं जातं.

एलपीएस म्हणजे ग्राम-निगेटिव्ह जिवाणूच्या बाहेरच्या पडद्यातला रेणू, त्याचा खरा त्रासदायक भाग लिपिड ए. हा तेलकट असतो, रक्तात एकटा फिरत नाही, गोळा होऊन राहतो किंवा जिवाणूच्या तुकड्यात अडकलेला असतो. रक्तातलं एलबीपी नावाचं प्रोटीन त्यातून एकेक रेणू सुटा करायला मदत करतं आणि सीडी१४ च्या हवाली करतं. सीडी१४ हा पेशीच्या पडद्याला जीपीआय नावाच्या लिपिडच्या दोरीने बांधलेला, आत काहीच नाही, तुमचं बरोबर आहे. त्याचं काम निरोप आत पोचवण्याचं नाहीच, त्याचं काम एलपीएस पकडून पुढे एमडी-२ कडे सरकवायचं. एमडी-२ हे टीएलआर४ ला बाहेरून चिकटून बसलेलं छोटं प्रोटीन, त्याच्यात एक खोल खोबण असते.

आता इथे जरा बारकाईने बघा कारण सगळी गंमत इथेच आहे. ई. कोलायच्या लिपिड ए ला सहा फॅटी साखळ्या असतात. त्यातल्या पाच त्या खोबणीत आत जाऊन बसतात आणि सहावी बाहेर राहते. ती बाहेर राहिलेली साखळी शेजारच्या दुसऱ्या टीएलआर४ ला जाऊन भिडते आणि दोन टीएलआर४ जोडीने एकत्र येतात. जोडी झाली की दोघांच्या आतल्या बाजूचे टीआयआर भाग जवळ येतात आणि सिग्नल तिथून सुरू होतो. ही रचना २००९ मध्ये क्रिस्टलोग्राफीने दिसली. तुम्ही म्हणताय ते सेप्सिसचं औषध म्हणजे एरिटोरान, त्याला चारच साखळ्या आहेत, चारही खोबणीत गडप होतात, बाहेर काही उरतच नाही म्हणून जोडी होत नाही आणि जागा मात्र अडून बसते. म्हणजे रेणू म्हणून ते औषध अतिशय सुंदर बनवलेलं होतं, हे आधी मान्य करायला हवं. ट्रायलचं दुसरं कुणी सांगितलं तर बरं, मी दवाखान्यातला माणूस नाही.

सिग्नल आत गेल्यावर पण दोन वाटा आहेत. टीएलआर४ पडद्यावर असताना टिराप आणि मायडी८८ ही आतली प्रोटीनं पकडतो, त्यातून एनएफ-कप्पा-बी, टीएनएफ, आयएल-६ आणि आयएल-१-बीटाचा कच्चा माल. मग तोच रिसेप्टर एलपीएससकट पेशीच्या आत ओढला जातो, एंडोसोम नावाच्या पिशवीत, आणि तिथे ट्रॅम आणि ट्रिफ ही दुसरी प्रोटीनं पकडून आयआरएफ३ मार्गे इंटरफेरॉन-बीटा हा वेगळा सायटोकाइन बनवायला लावतो. आणि हा रिसेप्टर आत ओढण्याच्या कामात पुन्हा तोच बिनशेपटीचा सीडी१४ लागतो. म्हणून सीडी१४ ला किरकोळ समजू नका, त्याच्याशिवाय अगदी कमी एलपीएस मॅक्रोफेजला जाणवतच नाही आणि दुसरी वाट तर जवळजवळ बंदच पडते. एकच रिसेप्टर, एकच रेणू, पण पडद्यावर उभा असताना एक बोलतो आणि आत गेल्यावर दुसरं.

इतिहास पण सांगतो, तो वाचण्यासारखा आहे. सी३एच/एचईजे नावाच्या उंदरांना एलपीएस टोचलं तरी काही होत नाही हे खूप आधीपासून माहिती होतं पण का ते कळत नव्हतं. १९८९ मध्ये चार्ल्स जेनवे यांनी मांडलं की जिवाणूंचे ठरावीक नमुने ओळखणारे जन्मजात रिसेप्टर असलेच पाहिजेत, तेव्हा असा एकही रिसेप्टर हातात नव्हता. १९९६ मध्ये जूल्स हॉफमन यांच्या गटाला फळमाशीत टोल नावाचं जीन बुरशीपासून बचाव करतं असं दिसलं, १९९७ मध्ये मेडझिटॉव्ह आणि जेनवे यांनी माणसातलं तसं प्रोटीन दाखवलं आणि १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने त्या उंदरांमधला बिघाड थेट टीएलआर४ च्या जीनमध्ये शोधून काढला, ७१२ क्रमांकाच्या जागी प्रोलीन ऐवजी हिस्टिडीन, बस एवढाच फरक. २०११ चं नोबेल बॉयटलर, हॉफमन आणि स्टाइनमन यांना मिळालं, जेनवे तोवर गेले होते. पण मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं की हेच उंदीर एलपीएसने मरत नाहीत पण खराखुरा साल्मोनेला दिला तर थोड्याशा डोसनेच मरतात. म्हणजे रिसेप्टर काढला की सूज जाते आणि त्याचबरोबर संरक्षण पण जातं. हे वाक्य लक्षात ठेवून पुढचे प्रतिसाद वाचा.

वॉर्ड_राउंड

एरिटोरानच्या ट्रायलचं मी लिहितो. मोठी ट्रायल होती, गंभीर सेप्सिसचे जवळपास २००० पेशंट, निकाल २०१३ मध्ये छापून आला. २८ दिवसांत दगावणाऱ्यांचं प्रमाण औषध घेतलेल्यांमध्ये २८.१ टक्के आणि प्लासिबोवाल्यांमध्ये २६.९ टक्के, म्हणजे फायदा काहीच नाही.

कारणं माझ्या मते सरळ आहेत. पेशंट आयसीयूत पोचतो तोवर टीएलआर४ ने पहिला निरोप कधीच देऊन टाकलेला असतो, टीएनएफ वाढून उतरायला पण लागलेलं असतं. उंदरांवरच्या प्रयोगात औषध एलपीएसच्या आधी किंवा सोबत देता येतं, माणसात तसं कधीच घडत नाही. दुसरं म्हणजे सेप्सिसचे सगळे पेशंट ग्राम-निगेटिव्हचे नसतात, स्टॅफ किंवा न्यूमोकॉकससारखा ग्राम-पॉझिटिव्ह जिवाणू असेल तर टीएलआर२ आणि इतर रिसेप्टर पुढे असतात, एरिटोरानचा त्यांच्याशी संबंधच नाही. आणि तिसरं कारण तेव्हा ट्रायल करणाऱ्यांना माहितीच असणं शक्य नव्हतं, ते असं की एलपीएस पेशीच्या आत सायटोप्लाझममध्ये पोचलं तर तिथे टीएलआर४ लागतच नाही, उंदरात कॅस्पेस-११ आणि माणसात कॅस्पेस-४ आणि ५ ही एन्झाइमं त्याला थेट पकडतात आणि पेशी फुटून मरते. हे २०१३-१४ मध्ये स्पष्ट झालं. पुढच्या दारावर कुलूप घालून बसलो होतो आणि मागचं दार उघडंच होतं.

अजून एक, सेप्सिसच्या पेशंटचा मॅक्रोफेज आणि मोनोसाइट (रक्तातली पेशी, जिच्यातून मॅक्रोफेज बनतो) काही दिवसांनी सुस्त पडतो. एलपीएस परत दिलं तरी आधीसारखं टीएनएफ सोडत नाही, पृष्ठभागावरचं एचएलए-डीआर (इतर पेशींना जंतूचे तुकडे दाखवणारं प्रोटीन) उतरतं, आणि मग असे पेशंट दुसऱ्याच इन्फेक्शनने जातात. अशा पेशंटला सूज कमी करणारं औषध देणं म्हणजे उलट्या बाजूने ढकलणं. मला तर वाटतं सेप्सिस हा एकच आजार आहे असं धरून चालणं हीच मुळात अडचण आहे.

कुतूहल

बापरे, दोघांचेही खूप खूप आभार. पाच साखळ्या आत आणि एक बाहेर हे तर कुठेच वाचलं नव्हतं, आता कळलं की आकार सारखा असूनही एक रेणू चालू करतो आणि दुसरा बंद का ठेवतो. पण मग टीएनएफ बंद करणारी औषधं संधिवातात कशी काय चालतात? तिथे पण मॅक्रोफेजच आहेत ना. आणि एफसी-सीआर३ चं कुणीतरी सांगा प्लीज.

वॉर्ड_राउंड

संधिवातात सांध्यातल्या पडद्यातले मॅक्रोफेज महिनोन्महिने, वर्षानुवर्षं टीएनएफ सोडत राहतात, तिथे उशीर झाला असं काही नसतं, कारण निरोप रोजच नव्याने जातोय. म्हणून टीएनएफ अडवलं की सांधा खरोखर शांत होतो, मी स्वतः पेशंट चालत येताना बघितलेत. पण किंमत आहेच. सुप्त टीबी असेल तर तो उठतो, २००१ मध्ये हे ठळकपणे समोर आलं आणि तेव्हापासून ही औषधं सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात. ग्रॅन्युलोमा (टीबीच्या जिवाणूला कोंडून ठेवणारा पेशींचा गोळा) टिकवून धरायला मॅक्रोफेजला स्वतःच्या टीएनएफ रिसेप्टरवर तो सिग्नल सतत हवा असतो. तसंच इंटरफेरॉन-गॅमाचा रिसेप्टर ज्या मुलांमध्ये जन्मतः नसतो त्यांना बीसीजीच्या लसीतला कमकुवत जिवाणूसुद्धा अंगभर पसरून आजारी पाडतो. मॅक्रोफेज जिवाणू गिळतो पण त्याला मारायचा हुकूमच मिळत नाही.

स्लाइडवाली

एफसी आणि सीआर३ चं माझ्याकडून घ्या, मी पॅथॉलॉजीची आहे आणि हा विषय मला फार जवळचा आहे.

जिवाणूवर आयजीजी अँटिबॉडी बसलेली असते, तिची शेपटी एफसी-गॅमा रिसेप्टर पकडतो. एक रिसेप्टर पकडून काही होत नाही, बरेच एकत्र ओढले गेले की त्यांच्या आयटॅम नावाच्या भागावर फॉस्फेट चढतो, सिक नावाचं किनेस (फॉस्फेट चढवणारं एन्झाइम) येतं, पेशीचा पडदा हात पसरल्यासारखा जिवाणूभोवती वर येतो आणि त्याच दमात ऑक्सिजनचे विषारी रेणू आणि सायटोकाइन पण सुटतात. सीआर३ मात्र जिवाणूवर बसलेला आयसी३बी हा कॉम्प्लिमेंटचा तुकडा पकडतो आणि तिथे जिवाणू पेशीत जणू बुडतो, पडद्याची धावपळ कमी. राइट आणि सिल्व्हरस्टीन यांनी १९८३ मध्येच दाखवलं होतं की कॉम्प्लिमेंटच्या रिसेप्टरमधून गिळलं तर विषारी ऑक्सिजन सुटत नाही आणि एफसीमधून गिळलं तर सुटतो. म्हणजे गिळणं आणि चिडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कुठल्या दारातून आत घेतलं यावर दुसरी ठरते.

आता हे जंतूंना पण कळलेलं आहे बरं का. टीबीचा जिवाणू आणि काळा आजार आणणारा लिशमॅनिया दोघंही सीआर३ मधून आत शिरतात. टीबीचा जिवाणू वरून मॅनोज रिसेप्टर पण वापरतो, त्याच्या अंगावरच्या साखरेच्या आवरणाने तो रिसेप्टर धरला की आतली पिशवी लायसोसोमला (पेशीतली पचवणारी पिशवी) नीट जोडलीच जात नाही आणि जिवाणू आत मजेत राहतो. शांतपणे आत घेणारे रिसेप्टर शरीराच्या सोयीसाठी आहेत आणि त्यांचा गैरफायदा असा घेतला जातो.

एफसीमध्ये पण सगळे एका बाजूचे नाहीत. एफसी-गॅमा-२बी हा अडवणारा आहे, त्याच्या शेपटीत आयटिम असतं, ते शिप नावाचं फॉस्फेटेज (फॉस्फेट काढणारं एन्झाइम) आणून बसवतं आणि शेजारच्या चालू करणाऱ्या रिसेप्टरचा आवाज दाबतं. तुम्ही विचारलंत ना पेशी ऐकते कुणाचं, तर इथे उत्तर असं की अँटिबॉडी आणि तिने धरलेले रेणू यांच्या एकाच गोळ्याला दोन्ही प्रकारचे रिसेप्टर चिकटतात आणि कुठले किती संख्येने आहेत त्यावर कल ठरतो. इंटरफेरॉन-गॅमा चालू करणाऱ्यांची संख्या वाढवतो, आयएल-४ अडवणाऱ्याची. त्यामुळे सूज असलेल्या जागी तोच अँटिबॉडीचा गोळा जास्त भडका उडवतो. ल्युपसच्या (स्वतःच्याच शरीराविरुद्ध अँटिबॉडी बनण्याचा आजार) किडनीची बायोप्सी बघताना मला हे कायम आठवतं, ग्लोमेरुलसमध्ये म्हणजे किडनीतल्या गाळणीत गोळे साचलेले, त्यांच्याभोवती पेशी, आणि नुकसान गोळ्यांपेक्षा त्यांना पकडणाऱ्या रिसेप्टरमुळे जास्त.

मेलेल्या पेशींचं थोडं वेळाने लिहिते, त्यावर मला बरंच सांगायचंय.

पिपेट

मध्येच घुसतो, प्रॅक्टिकल बाजू कुणीच लिहिली नाही म्हणून. कुतूहल ताई, तुम्ही पुढे प्रोजेक्ट करणार असाल तर ह्या गोष्टी आत्ताच डोक्यात बसवा, कारण मॅक्रोफेजचे रिसेप्टर जेवढे उपयोगी तेवढेच प्रयोगात दगा देणारे.

पहिलं म्हणजे एलपीएस सगळीकडे असतं. ई. कोलायमध्ये बनवलेलं कुठलंही प्रोटीन मॅक्रोफेजवर टाकलं आणि टीएनएफ वाढलं की लगेच आनंद करायचा नाही, बहुतेक वेळा ते प्रोटीन नसतं, त्याला चिकटून आलेलं एलपीएस असतं. हीट शॉक प्रोटीन टीएलआर४ ला चालू करतात अशी बरीच कामं छापून आली होती आणि नंतर अतिशय शुद्ध केलेलं प्रोटीन वापरलं तेव्हा तो परिणाम गायब झाला. म्हणून एक नमुना उकळून बघायचा, प्रोटीन उकळल्यावर मोडतं आणि एलपीएस तसंच राहतं, उकळूनही टीएनएफ तेवढंच आलं तर समजून जा. दुसरा नमुना पॉलिमिक्सिन बी टाकून, ते लिपिड ए ला धरून ठेवतं. काचेची भांडी साध्या ऑटोक्लेव्हने एलपीएसमुक्त होत नाहीत, २५० अंशाला अर्धा तास कोरडी भाजावी लागतात.

दुसरं, मॅक्रोफेज प्लेटला घट्ट चिकटतात आणि घाईत लोक ट्रिप्सिन मारून काढतात, ट्रिप्सिन पृष्ठभागावरचे बरेच रिसेप्टर कापून टाकतं आणि मग फ्लो सायटोमेट्रीत (चमकणाऱ्या अँटिबॉडी लावून पेशी तपासणं) रिसेप्टर नाहीच असं दिसतं. थंड ईडीटीए आणि थोडा धीर, एवढं पुरतं. तिसरं, फ्लोच्या अँटिबॉडीला पण शेपटी असते आणि मॅक्रोफेजवर एफसी रिसेप्टर खच्चून भरलेले, त्यामुळे ते आधीच अडवणारा एफसी ब्लॉक टाकल्याशिवाय जे काही चमकेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आणि एम१ एम२ चं खूळ, म्हणजे मॅक्रोफेज सूज वाढवणारा की कमी करणारा अशा दोनच पेट्या. सीडी२०६ दिसला की एम२, म्हणजे सूज कमी करणारा, असं लिहून मोकळे होतात लोक. सीडी२०६ म्हणजे तोच मॅनोज रिसेप्टर, आयएल-४ ने वाढतो हे १९९२ पासून माहिती आहे, पण फुफ्फुसातल्या मॅक्रोफेजवर तो काहीही न करता भरपूर असतो. एका मार्करवरून पेशीचा स्वभाव ठरवता येत नाही. २०१४ मध्ये बऱ्याच जणांनी मिळून सुचवलं की पेशीला कशाने चालना दिली तेच नावात लिहा, आयएल-४ दिलेला, एलपीएस दिलेला, असं. मला तेच प्रामाणिक वाटतं.

कुतूहल

हे तर सोन्यासारखं आहे, आमच्या लॅबमध्ये ट्रिप्सिनच वापरतात, उद्याच विचारते. स्लाइडवाली ताई, मेलेल्या पेशींची वाट बघतेय.

स्लाइडवाली

हो हो, आले.

शरीरात रोज अंदाजे १०० अब्ज न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मरतात आणि तांबड्या पेशी तर दर सेकंदाला वीस लाखांच्या वर जातात, आणि एवढं सगळं मॅक्रोफेज खाऊन टाकतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. हे गुपचूप होतं यामागे खास रिसेप्टर आहेत, आपोआप काही होत नाही.

जिवंत पेशीच्या पडद्याच्या आतल्या पदरात फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचं लिपिड असतं. पेशी नीट ठरवून मरायला लागली की ते बाहेरच्या पदरात येतं. मॅक्रोफेजवरचा टिम-४ त्याला थेट धरतो. मर्टीके नावाचा रिसेप्टर मात्र थेट धरत नाही, त्याला मध्ये पूल लागतो, गॅस६ किंवा प्रोटीन एस. हे तेच प्रोटीन एस जे रक्त गोठण्याच्या धड्यात भेटतं, दोन्ही प्रोटीनना व्हिटॅमिन के लागतं, त्याने तयार झालेला भाग कॅल्शियमच्या मदतीने मेलेल्या पेशीच्या लिपिडला चिकटतो आणि दुसरं टोक मर्टीकेला. तो चालू झाला की मेलेली पेशी आत जाते आणि त्याच वेळी टीएलआरकडून येणारा सिग्नल दाबला जातो, आयएल-१० आणि टीजीएफ-बीटा हे सूज उतरवणारे सायटोकाइन वाढतात. जिवंत पेशी खाल्ल्या जाऊ नयेत म्हणून त्यांच्यावर सीडी४७ असतो, तो मॅक्रोफेजच्या सर्प-अल्फाला धरून थांब म्हणतो.

म्हणून सूज उतरणं म्हणजे नुसतं सिग्नल संपणं असं मी कधीच मानत नाही. न्यूट्रोफिल येतात, लढतात, मरतात, मॅक्रोफेज त्यांना मर्टीकेने खातो, आणि त्या खाण्यामुळेच तो स्वभाव बदलतो. खाणं जमलं नाही तर मेलेली पेशी पडून राहते, मग फुटते, आतला डीएनए आणि एचएमजीबी१ नावाचं प्रोटीन बाहेर सांडतं आणि ते परत टीएलआरनाच चालू करतं. सी१क्यू हा कॉम्प्लिमेंटचा घटक मेलेल्या पेशी उचलायला मदत करतो, तो ज्यांच्यात जन्मतः नसतो त्यातल्या बहुतेकांना ल्युपससारखा आजार होतो.

आणि आता जी गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते ती. मॅक्रोफेजला एलपीएस लागलं की त्याच्या पडद्यावरचं एडॅम१७ नावाचं एन्झाइम जागं होतं, ते टीएनएफ कापून मोकळं सोडतं हे सगळे शिकतात, पण तेच एन्झाइम मर्टीकेचा बाहेरचा भाग पण कापून टाकतं. एका कात्रीने सूज वाढवणारा सुटतो आणि उतरवणारा तुटतो. जोवर जिवाणू हजर आहे तोवर हे बरोबरच आहे, लढाई चालू असताना शांत व्हायचं नसतं. पण सूज जुनाट झाली, कात्री चालूच राहिली, की मेलेल्या पेशींचा ढीग साचतो, धमनीतल्या जुन्या थरांमध्ये हेच दिसतं. स्टिरॉइड दिल्यावर मर्टीके आणि सीडी१६३ दोन्ही वाढतात, त्यांच्या परिणामाचा हा पण एक भाग आहे. सीडी१६३ फुटलेल्या तांबड्या पेशींचं हिमोग्लोबिन हॅप्टोग्लोबिनसकट उचलतो आणि आत हीम ऑक्सिजनेज वाढवतो, तो पण उतरवणाऱ्यांच्याच बाजूचा.

जीवद्रव्य

धमनीचा विषय निघालाच आहे तर स्कॅव्हेंजर म्हणजे कचरा उचलणारे रिसेप्टर सोडून चालणार नाही. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९७९ मध्ये दिसलं की मॅक्रोफेज साधं एलडीएल (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा कण) फारसं घेत नाही पण रासायनिक बदल केलेलं एलडीएल भराभर घेतो. साध्या एलडीएल रिसेप्टरची संख्या पेशीत कोलेस्टेरॉल साचलं की कमी होते, स्कॅव्हेंजरची होत नाही, म्हणून पेशी फुगून फेसाळ होईपर्यंत खात राहते. आणि सीडी३६ नावाचा स्कॅव्हेंजर ऑक्सिडाइझ झालेलं एलडीएल धरून टीएलआर४ आणि टीएलआर६ यांची जोडी जमवतो, म्हणजे जिवाणू नसताना जिवाणूचा सिग्नल. आत कोलेस्टेरॉलचे स्फटिक झाले की एनएलआरपी३ हे पेशीतलं बिघाड ओळखणारं प्रोटीन चालू होतं आणि आधी तयार असलेल्या कच्च्या आयएल-१-बीटाला कापून पक्कं करतं. पी२एक्स७ या रिसेप्टरला बाहेर सांडलेलं एटीपी लागून पोटॅशियम पेशीबाहेर गेलं तरी शेवट तोच. फुफ्फुसात सिलिकाची धूळ मार्को नावाच्या स्कॅव्हेंजरने धरली जाते, लायसोसोम फाटतो, पुढे तेच. म्हणजे आयएल-१-बीटाला दोन निरोप लागतात, एक पृष्ठभागावरून आणि एक बिघाडाचा, एकट्या कुणाचं चालत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं हे पण एक उत्तर.

कुतूहल

आता बराच उजेड पडला. शेवटचं एक, आतड्यात तर कोट्यवधी जिवाणू असतात, एलपीएसचा खच असणार, मग तिथल्या मॅक्रोफेजने कायम सूज का नाही आणत? तिथे टीएलआर४ नसतो का?

वॉर्ड_राउंड

माणसाच्या आतड्यातल्या मॅक्रोफेजवर सीडी१४ जवळपास नसतोच, आणि ते जिवाणू गिळतात, मारतात पण सायटोकाइन सोडत नाहीत, २००५ मध्ये हे दाखवलं गेलं. त्यांना तसं ठेवण्यात टीजीएफ-बीटाचा आणि आयएल-१० चा मोठा हात आहे. किती मोठा ते २००९ मध्ये कळलं, काही बाळांमध्ये आयएल-१० च्या रिसेप्टरचं जीन बिघडलेलं सापडलं, त्यांना पहिल्या वर्षातच आतड्याला भयंकर सूज, फिस्टुला (आतड्यातून भलतीकडे पडलेली वाट), कुठलंच औषध धड लागू पडत नाही. उंदरात फक्त आतड्यातल्या मॅक्रोफेजवरचा हा एक रिसेप्टर काढला तरी तेच होतं, बाकी सगळं जागेवर असताना.

कुतूहल

मग त्या बाळांचं काय करतात? रिसेप्टरच नाही म्हटल्यावर आयएल-१० टोचून उपयोग नाही ना.

वॉर्ड_राउंड

बरोबर, टोचून काही उपयोग नाही. त्याच २००९ च्या कामात एका मुलाला बोन मॅरो बदलून दिला आणि आजार शांत झाला, नंतर इतर मुलांमध्येही हाच उपाय केला गेला. आतड्यातले बहुतेक मॅक्रोफेज रक्तातल्या मोनोसाइटमधून सतत नव्याने भरले जातात, मेंदूतल्या मायक्रोग्लिया या मॅक्रोफेजसारखे जन्माच्या आधीपासून तिथेच बसलेले नसतात, त्यामुळे नवीन मॅरोतून चांगला रिसेप्टर असलेले मोनोसाइट आले की हळूहळू जुन्यांची जागा घेतात. पेपरला एवढं लिहिलंस तरी पुरे, पण मायक्रोग्लिया आणि त्यांच्यावरचा ट्रेम२ हा रिसेप्टर एकदा वेगळं वाच, अल्झायमरच्या बाबतीत ४७ क्रमांकाच्या जागी आर्जिनीनचं हिस्टिडीन होण्याचा जो बदल २०१३ मध्ये सापडला तो या ट्रेम२ मध्येच आहे.